पाच पोरांची बाटली

बाजीराव लोंढ्यांनी शेजाऱ्यांकडे कधी काही उसनं मागितलं नव्हतं, असं कुणी म्हणणार नाही. साखर मागितली होती, शिडी मागितली होती, एकदा तर मेव्हण्याच्या साखरपुड्याला जाताना शेजारच्या ओव्हरसियरांचे काळे बूट मागून नेले होते आणि परत देताना ते चावतात अशी तक्रारही केली होती. पण लोकांची पोरं उसनी मागायची वेळ आपल्यावर येईल, पाटबंधारे खात्याच्या वरिष्ठ लिपिकावर येईल, हे त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं. ती वेळ आली चौऱ्याण्णव साली, प्लेगच्या दिवसांत.

तसा प्लेग इंदापुरात आलाच नाही. आली ती त्याची बातमी. पण बातमीनंच असा काही धुमाकूळ घातला की प्रत्यक्ष प्लेगाला करण्यासारखं फारसं काही उरलं नसतं. बीडकडे उंदीर पडले म्हणाले, सुरतेहून माणसं गाड्या भरभरून पळाली म्हणाले. इंदापूर पडलं हमरस्त्यावरचं गाव. पुण्याहून सोलापूरला जाणारा प्रत्येक ट्रक म्हणजे लोकांना चालता प्लेग दिसायला लागला. माणसांनी तोंडाला रुमाल बांधले. मेडिकलच्या दुकानातून टेट्रासायक्लिनच्या कॅप्सूल अशा गायब झाल्या जशा रेशनच्या दुकानातून रॉकेल गायब होतं. आणि उंदराला तर लोक इतका मान द्यायला लागले, की तो दिसला की भले भले त्याला वाट करून देत.

नेमके त्याच पंधरवड्यात बाजीरावांच्या मुलीला, साक्षीला, नऊ महिने पूर्ण झाले आणि तिची गोवराची लस आली. बाजीरावांची बायको रश्मी प्राथमिक शाळेत शिक्षिका. नवऱ्याच्या बाबतीत ती फार आग्रही नव्हती, पण पोरीच्या लसी वेळच्या वेळी. पोलिओचे डोस आणि ट्रिपलच्या सुया तारखेला झालेल्या. त्यामुळे बुधवारी दोघं साक्षीला घेऊन सरकारी दवाखान्यात गेली, तर लसीच्या खोलीला कुलूप.

"नर्सबाई हायवेला गेल्यात," शिपाई म्हणाला. "गाड्यातली मानसं तपासायला. प्लेग संपला की या."

बाजीराव समाधानानं घरी आले. सरकारी नोकरीत त्यांचा एक सिद्धान्त पक्का झाला होता: जे काम आपण करत नाही त्यातलं निम्मं आपोआप होतं आणि उरलेल्या निम्म्याची कुणाला आठवण राहत नाही. पुढच्या बुधवारीही कुलूप होतं. त्याच्या पुढच्याही.

आणि मग कॉलनीच्या मागच्या गल्लीत एका पोराच्या अंगावर गोवर निघाला.

त्या संध्याकाळी रश्मी नवऱ्याला एवढंच म्हणाली, "उद्या बारामतीला जायचं. तिथं खाजगी बालरोगतज्ज्ञ आहेत. रजा टाका."

ही बातमी कॉलनीत पसरायला फार तर भाकरी थापायला लागतो तेवढा वेळ लागला. लगेच सावळाराम तात्या हजर. तात्या एस.टी.तून कंट्रोलर म्हणून निवृत्त झालेले. निवृत्तीनंतर आता फक्त माणसांच्या आयुष्याचं वेळापत्रक लावत. प्लेगवर तर त्यांच्याइतका अभ्यास तालुक्यात कुणाचा नव्हता, कारण ते एकटेच पेपर मोठ्यानं वाचत.

"वडापच्या जीपनं जाणार? चौदा माणसांत?" तात्या म्हणाले. "बाजीराव, श्वासातनं येतो तो. नाकाला संरक्षण पाहिजे." आणि त्यांनी स्वतःच्या हातानं एक रुमाल तयार करून दिला. त्यात कापूर, ओवा, निलगिरीचं तेल आणि आणखी एक पूड होती. तिचं नाव तात्यांनी सांगितलं नाही. पुढं जे झालं त्यावरून ती तपकीर असावी.

सकाळी जीप सुटली तेव्हा बाजीरावांच्या तोंडावर तो रुमाल होता. गाव मागे पडलं आणि त्यांना पहिली शिंक आली. दुसरी तिच्या पाठोपाठ. सातवीला डोळ्यांतून पाणी, नाक लाल, आणि जीपमधली माणसं अशी आक्रसलेली की चौदा जणांच्या गाडीत बाजीरावांभोवती चक्क जागा झाली.

"कुटनं आलाव पावनं?" समोरच्या माणसानं विचारलं. "सुरतंवरनं न्हाय ना?"

"मी इंदापूरचाच आहे," बाजीराव शिंकांच्या मधल्या फटीतून म्हणाले. "मी सरकारी नोकर आहे!"

"मग? प्लेग काय सर्विस बुक बघून व्हतो?"

ड्रायव्हरनं निमगाव केतकीच्या अलीकडे, पानमळ्याच्या कडेला गाडी उभी केली. "सायेब, राग मानू नका," तो हात जोडून म्हणाला. हात जोडले ते मात्र खिडकीबाहेर तोंड काढून. बाजीराव, रश्मी, साक्षी आणि दुपट्यांची पिशवी रस्त्यावर उतरली. तिथून पुढची एकही गाडी थांबेना, कारण बाजीराव अजून शिंकतच होते. शेवटी एका दुधाच्या टेम्पोनं त्यांना परत इंदापूरला आणलं. येताना वरिष्ठ लिपिक रिकाम्या कॅनवर बसले होते. प्रत्येक खड्ड्यात कॅन वाजत होते. आणि रश्मी तोंडाला पदर लावून हसत होती, हे त्यांना जास्त लागलं.

टेम्पो हायवेच्या नाक्यावर थांबला, आणि तिथं, गाड्यांच्या रांगेजवळ, छत्रीखाली खुर्ची टाकून नर्सबाई बसलेल्या दिसल्या. त्यांचं नाव म्हाळसाबाई. उभ्या तालुक्यातली निम्मी पोरं त्यांच्या हाताखालून गेलेली, त्यामुळे त्या रस्त्यानं निघाल्या की पोरं दंड धरून पळत.

"लस आहे हो," म्हाळसाबाई एका ट्रकवाल्याच्या तोंडातला थर्मामीटर काढत म्हणाल्या. "फ्रिजमध्ये आहे. पण बाटली पाच पोरांची असते. एकदा फोडली की त्याच दुपारी संपवावी लागते, राहिली तर ओतून द्यायची. एका पोरासाठी मी बाटली फोडली तर वर जाब द्यावा लागतो मला. तुम्हाला काय सांगायचं, तुम्ही पण सरकारीच."

बाजीरावांनी मान हलवली. एवढं शुद्ध सरकारी उत्तर त्यांना स्वतःलाही सुचलं नसतं.

"पोरं का येत नाहीत मग?"

"भीतीनं. दवाखान्यात गेलं की प्लेग लागतो म्हणतात. तुम्ही पाच पोरं गोळा करा. बुधवारी दुपारी मी डॉक्टरांना सांगून नाक्यावरून तासभर सुटते. सुया उकळून ठेवते."

पाच म्हणजे काय, साक्षी धरून आणखी चारच की! बाजीरावांना वाटलं, कॉलनीतच होऊन जाईल. ते संध्याकाळी धुतलेला शर्ट घालून निघाले. पहिलं दार ठोठावलं छबूबाईंचं. त्यांची सून माहेरून बाळंतपण करून आली होती आणि नातू आता चांगला रांगत होता.

"सुई टोचली की ताप येनार," छबूबाई उंबऱ्यातूनच म्हणाल्या. "ताप आला की म्हननार प्लेग हाय. प्लेग म्हनलं की पुण्याला नेऊन कोंडनार. माझा नातू मी पुण्याला न्हाय द्यायची."

दुसऱ्या घरी सांगितलं, बाळाचे बाबा आल्यावर विचारतो. बाबा पलंगावरच बसले होते. तिसऱ्या घरी बाजीरावांना पोहे मिळाले, पोर मिळालं नाही. चौथ्या घरातल्या बाईनं तर त्यांना बघून बाळाला पदराखाली घेतलं. आणि ते परत फिरले तेव्हा मागून स्पष्ट ऐकू आलं, "पोरं मागत फिरत्यात म्हणं. त्या लोंढ्यांचं डोकं ठीक हाय ना?"

घरी येऊन बाजीरावांनी शर्ट खुंटीला अडकवला. "आपल्याच्यानं हे होणार नाही," ते म्हणाले. "अकरा वर्षं सर्व्हिस झाली माझी. लोकांच्या दारात उभं राहून पोरं मागायची म्हणजे… माणसाला काही इभ्रत असते."

त्यांची आई रंगुबाई साक्षीला मांडीवर घेऊन बसली होती. ती कोऱ्हाळ्याहून नातीसाठी आलेली. मुलाच्या नोकरीचा तिला इतका अभिमान, की गावाकडे ती त्याला 'बाजी' न म्हणता 'आमचं सायेब' म्हणे. आज तिनं तसं म्हटलं नाही.

"बाजी," ती म्हणाली, "तुज्या आदी एक व्हती. तुला ठावं न्हाय तिचं काय, कुनी बोललंच न्हाय. चांगली चालत व्हती. उसाच्या बांधानं माज्या म्होरं पळायची. गोवर आला आन् चार दिसात गेली. त्या वक्ताला सुई न्हवती रं. असती तर म्या बारामतीपत्तुर चालत गेले असते, कुनाच्या बी पाया पडले असते." ती साक्षीच्या केसांवरून हात फिरवत राहिली. "आता सुई हाय आन् तू म्हनतोस लाज वाटती."

आपल्याला थोरली बहीण होती, हे बाजीरावांना चौतिसाव्या वर्षी कळलं. तिचं नाव काय होतं, हे विचारायचंही त्यांना सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी ते ऑफिसात गेले ते वेगळेच होऊन. रब्बीचे दिवस, कालव्याच्या पाण्यासाठी सात नंबरचे अर्ज भरायला शेतकऱ्यांची खिडकीशी गर्दी. बाजीराव प्रत्येकाचा अर्ज घेत, शिक्का मारत, आणि हळूच विचारत, "घरात नऊ महिन्यांच्या पुढचं लेकरू आहे का? गोवराची सुई राहिलीय का? बुधवारी दुपारी दवाखान्यात घेऊन या."

त्यांचा हेतू स्वच्छ होता. पण खिडकीच्या आतून बोललेलं वाक्य खिडकीच्या बाहेर गेलं की त्याचं काय होतं, हे अकरा वर्षं तिथं बसूनही त्यांच्या लक्षात आलेलं नव्हतं. शिक्का आणि लेकरू ही दोन्ही एकाच दमात ऐकल्यावर शेतकऱ्यांनी त्यांचा सरळ संबंध लावला. दुपारपर्यंत चहाच्या टपरीवर ठरलं, की यंदा पाण्याच्या अर्जासोबत लेकरू दाखवावं लागतं. संध्याकाळपर्यंत कालव्याच्या शेवटच्या चारीला बातमी पोचली, की ज्याच्या घरात लेकराला सुई नाही त्याचं पाणी बंद.

संभाजीराव नावाचे एक ऊस बागायतदार दुसऱ्या दिवशी मुद्दाम आले. चांगले खात्रीशीर गृहस्थ, साखर कारखान्याचे जुने सभासद. खिडकीत डोकं घालून हळू आवाजात म्हणाले, "भाऊसाहेब, आमचा नातू सव्वा वर्षाचा हाय. चाललं का? का नऊ म्हैन्याचंच पायजे?"

"चालेल की! उत्तम!" बाजीराव आनंदानं म्हणाले.

"आन् वस्तीवरली दुसरी आनली तर? त्यांचं बी अर्ज हायती."

"आणा, सगळी आणा!"

संभाजीरावांनी समाधानानं मान डोलावली. एवढं सोपं सरकारी काम त्यांनीही कधी पाहिलं नव्हतं.

बुधवारी बाजीराव, रश्मी, रंगुबाई आणि साक्षी दवाखान्यात पोचली. चार तरी येतील का, याची काळजी बाजीराव वाटभर करत आले होते. कोपरा वळले आणि थांबलेच. आवारात ट्रॅक्टर उभा. ट्रॉलीत सतरंजी अंथरलेली, आणि तिच्यावर बायका आणि पोरं, पोरं आणि बायका. आणखी दोन बैलगाड्या. सायकलीच्या नळीवर पोराला बसवून आलेले बाप. आणि त्या सगळ्या बापांच्या खिशातून वर डोकावणारा सात नंबरचा अर्ज.

म्हाळसाबाई दारात उभ्या होत्या. "भाऊसाहेब," त्या म्हणाल्या, "मी पाच म्हणाले होते."

मग जो गोंधळ सुरू झाला तो शब्दांत मावणारा नाही. एक पोर रडलं की बाकीची त्याला साथ देत. सुया उकळायच्या पातेल्याखालचा स्टोव्ह दोनदा विझला. लाईट गेली, तेव्हा रश्मीनं स्वतः लसीच्या बर्फाच्या डब्याचं झाकण दाबून धरलं आणि उघडायला येईल त्याला शाळेतल्यासारखं दरडावलं. संभाजीरावांची बायको द्वारकाबाई, तिला गर्दीत पाणी प्यायचं होतं, म्हणून तिनं आपला नातू इंद्रजित सरळ रंगुबाईच्या मांडीवर ठेवून दिला. तो तिथं इतका रमला, की मग आजूबाजूच्या बायकांनीही आपली पोरं तिथंच आणून ठेवली. रंगुबाई त्यांच्यामध्ये हलेना की डुलेना.

"ह्ये सगळं करनारं सायेब कोन वो?" एकीनं विचारलं.

"माजा ल्योक हाय," रंगुबाई म्हणाली, आणि पुन्हा कुणी विचारतंय का, याची वाट बघत बसली.

बाजीराव मात्र पोरांना ओळीत लावत होते. लोकांची पोरं आधी, आपली शेवटी. यजमानानं पंक्तीत आधी बसू नये, तशातला प्रकार. बाटल्या एकामागून एक फुटत गेल्या. शेवटी इंद्रजितलाही टोचलं, तो एवढ्या मोठ्यानं ओरडला की ट्रॉलीतला म्हातारा जागा झाला. मग बाजीरावांनी साक्षीला पुढं केलं.

म्हाळसाबाईंनी रिकामी बाटली उजेडात धरली. "संपली," त्या म्हणाल्या. "फ्रिजमध्ये आहे अजून एक. पण ती फोडायची तर आणखी चार पोरं पाहिजेत."

बाजीरावांना आधी हसू आलं, मग रडू. उभ्या कालव्याची पोरं आणली, आणि आपलंच उरलं! नाक्याकडे परत जायची म्हाळसाबाईंची वेळ झालेली. संभाजीराव तावातावानं म्हणाले, "टॅक्टर काढतो, वस्तीवरनं अजून आनतो," पण वस्ती लांब.

तेवढ्यात हायवेकडून हॉर्न ऐकू आले. एक, दोन, मग सगळेच. म्हाळसाबाई इकडे आल्यामुळे तिकडे तपासणी रखडली होती, आणि नाक्यावर गाड्यांची ही रांग लागली होती. बाजीराव क्षणभर उभे राहिले, आणि मग चक्क पळाले. त्यांना पळताना इंदापुरात आजवर कुणी पाहिलं नव्हतं.

रांगेतल्या पहिल्याच एस.टी.त ते चढले. "नऊ महिन्यांच्या पुढची लेकरं कुणाकडे आहेत?"

एका बाईनं मुलाला घट्ट धरलं. "ह्याला काय बी झालं न्हाय. साधी सर्दी हाय."

"प्लेगाचं नाही बाई, गोवराच्या सुईचं विचारतोय."

कुणी हललं नाही. बाजीराव पायरीवर उभे होते. शर्ट घामानं चिकटलेला, केस विस्कटलेले. त्यांनी काय बोलायचं हे ठरवलेलं नव्हतं.

"मला थोरली बहीण होती," ते म्हणाले. "गोवरानं गेली. तेव्हा सुई नव्हती. माझी आई तिकडं दवाखान्यात बसलीय. माझी मुलगी पण तिथं आहे, तिची सुई राहिलीय. बाटली पाच पोरांची असते, चार कमी आहेत. तुमच्यातलं कुणी आलं तर तुमच्या लेकराचं काम होईल आणि माझ्याही. गाडी सोडणार नाहीत, मी कंडक्टरसाहेबांना विनंती करतो." आणि त्यांनी हात जोडले. सरकारी नोकरीत हे हात त्यांनी फक्त बदली रद्द करायला जोडले होते.

कंडक्टरनं खांद्यावरची बॅग सावरली. "जावा रं बायानू," तो म्हणाला. "गाडी कुठं पळतीया!"

सर्दीवाल्या पोराची आई आधी उठली. तिच्यामागून आणखी एक, तिच्या कडेवर जुळी. चौथं काही मिळेना. बाजीराव त्या वरातीला घेऊन दवाखान्याच्या फाटकाशी आले, तर तिथं छबूबाई उभ्या. नातू कडेवर, चेहऱ्यावर राग.

"सगळ्या गावची पोरं आनली आन् शेजारची राहू दिली व्हय?" त्या म्हणाल्या. "कुनी बोलवायला बी आलं न्हाय मला!"

बाजीरावांनी घाईनं त्यांच्यासाठी फाटक उघडून धरलं.

शेवटची बाटली फुटली. साक्षीला टोचलं तेव्हा ती रडली नाही, नुसती म्हाळसाबाईंकडे आश्चर्यानं बघत राहिली. रडण्याचं काम बाजीरावांनी केलं, पण निलगिरीचा वास अजून नाकात आहे, असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं.

मग उरला एकच प्रश्न. सगळे बाप हातात अर्ज घेऊन त्यांच्याभोवती जमले. "भाऊसाहेब, आता शिक्का?"

"अहो, शिक्क्याचा आणि सुईचा काही संबंध नाही!" बाजीराव कळवळून म्हणाले. "अर्ज उद्या ऑफिसात द्या. लेकराशिवाय."

बापांनी पुढं धरलेले अर्ज खाली घेतले. आता मार बसणार, असं बाजीरावांना वाटलं. पण संभाजीरावांनी आपल्या ओरडून थकलेल्या नातवाकडे पाहिलं आणि हसायलाच लागले. "आरं, फुकटात फसवलं की भाऊसाहेबांनी! पान्याच्या नावानं पोराचं काम करून घेतलं." मग सगळेच हसले.

सगळेच म्हणजे, एक सोडून. कारण गुरुवारी बाजीरावांना साहेबांनी आत बोलावलं. समोर एक तक्रार होती.

"लोंढे," साहेब म्हणाले, "मी सव्वीस वर्षं खात्यात आहे. पैसे मागितल्याची तक्रार ऐकली, कोंबडी मागितल्याची ऐकली. लेकरू मागितल्याची पहिलीच. कोणत्या नियमाखाली मागितलं?"

"नियम नव्हता, साहेब," बाजीराव म्हणाले. एरवी त्यांचा आवाज अशा वेळी पातळ होई. आज झाला नाही. "बाटली पाच पोरांची होती."

साहेबांनी लेखी खुलासा मागितला. बाजीरावांनी अर्ध्या पानात सगळं लिहून दिलं, बहिणीसकट. साहेबांनी तो दोनदा वाचला, आणि त्यावर लाल शाईनं 'पाहिले' एवढंच लिहिलं. खात्यात याहून मोठी शाबासकी देण्याची सोय नाही.

दिवाळीनंतर प्लेग लोकांच्या बोलण्यातून गेला आणि थंडीत गोवर आला. कालव्याच्या वस्त्यांवर हिंडला, मागच्या गल्लीत हिंडला. काही पोरं फार आजारी पडली, एकाची तर दृष्टी अधू झाली. पण ट्रॉलीतून आलेल्या पोरांच्या घरांवरून तो नुसता गेला. द्वारकाबाईंनी ओल्या हरभऱ्याची पेंडी घरी पाठवली, आणि रंगुबाईनं ती सगळ्या कॉलनीला, ती कुणी व का पाठवली ते सांगत, वाटली.

बाजीरावांना मात्र एका गोष्टीचा त्रास झाला. अकरा वर्षांच्या नोकरीत त्यांची एकच इच्छा होती, लोकांनी आपल्याला 'लोंढेसाहेब' म्हणावं. आता गावात त्यांना वेगळंच नाव पडलं होतं.

जानेवारीत एक म्हातारा ऑफिसच्या खिडकीशी आला. कडेवर नात, डोक्याला मुंडासं, पायाला वाळलेला चिखल. लांबून आला असावा. आत सगळी टेबलं भरलेली होती.

"सुईवालं भाऊसाहेब हितंच बसत्यात का?" त्यानं मोठ्यानं विचारलं.

ऑफिसात खसखस पिकली. साहेबांच्या केबिनचं दारही उघडंच होतं. बाजीरावांनी पेन खाली ठेवलं, खुर्ची मागे सरकवली आणि सगळ्यांना दिसेल असे उभे राहिले.

"मीच तो," ते म्हणाले. "आत या बाबा, बसा. नात किती महिन्यांची?"